पोळीच्या लाडवाचं गुपित

चाळीसगावच्या पेठेतले कापडवाले आबासाहेब कोठावदे म्हणजे मोठं प्रस्थ. रात्रीची पोळी सकाळी दिसली, की ताट सरकवून उठायचे. त्यांची सून हेमलता दवाखान्यात नर्स. सकाळी आबांसाठी ताज्या पोळ्या करायची आणि स्वतःच्या डब्यात मात्र रात्रीच्या उरलेल्या न्यायची. एकदा आबांनी तो डबा पाहिला.

"सूनबाई, या घरात शिळं चालत नाही! तुझ्या सासूबाईंनी कधी शिवू दिलं नाही. रोज माझ्यासाठी पोळीचा लाडू करायची बिचारी. तुला वेळ नसेल तर सोड ती नोकरी."

हेमलता हसून म्हणाली, "आबा, तसा लाडू आज मी करते. चुरा तेवढा तुम्ही करून द्या."

तिने तव्यावरची गरम पोळी पुढे ठेवली. आबांनी कुस्करली, तर बोटांना चिकटून नुसता गोळा झाला.

"तिचा लाडू कसा भुसभुशीत व्हायचा गं!"

हेमलताने आपल्या डब्यातली पोळी ताटात ठेवली. आबांचा हात लागताच तिचा रव्यासारखा चुरा झाला. गूळ, तूप घालून हेमलताने लाडू वळले. एक घास घेतला आणि आबांचे डोळे भरून आले. अगदी तीच चव!

"म्हणजे ती मला आयुष्यभर शिळंच..."

"छे हो आबा! सासूबाईंनी तुम्हाला शिळी पोळी कधीच वाढली नाही. लाडूच वाढला."

आबांनी दुसरा लाडू स्वतःच्या हाताने तिच्या डब्यात ठेवला.

"नीघ, उशीर होईल कामाला. आणि रात्री दोन पोळ्या जास्तच लाट."