उखळातला पेंढा

फार पूर्वी जपानातल्या एका गावात एक चितारी राहायचा. सणासुदीला घरोघरी काय चालतं ते बघायचं, त्याचे लाकडी ठसे कोरायचे आणि चित्रं छापून बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. लोक त्याला कौतुकाने घरात घ्यायचे.

वर्ष सरत आलं की तिथे घरोघरी वाफवलेला भात उखळात कुटून त्याचे गोळे करतात. कुटण्याचा धपधप आवाज गल्लीभर ऐकू येतो. त्या आवाजाच्या मागावर चितारी एका विधवेच्या घरात शिरला. बघतो तर काय, उखळात भात नव्हताच. बाई ओला पेंढा कुटत होती.

ती गोरीमोरी झाली. "दादा, आवाज आला नाही तर शेजारी दयेने गोळे आणून देतील. माझ्या मुलींनी अजून कुणापुढे हात पसरलेला नाही. हे चित्रात नको, पाया पडते."

"नाही काढणार, ताई. शब्द देतो," चितारी म्हणाला. तिने त्याला नुसतं गरम पाणी दिलं. चहा घरात नव्हता.

पण घरी आल्यावर त्याला चैन पडेना. वर्षानुवर्षं तीच सुखी घरं काढून तो कंटाळला होता. असं चित्र पुन्हा कुठे मिळणार? बाईचा चेहरा बदलला की झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. मनाची काय, कशीही समजूत घालता येते! चेहरा बदलला खरा, पण तिथली दारं कागदाची असतात, आणि तिच्या दाराच्या फाटक्या कागदावरचं लाल ठिगळ त्याला फार आवडलं होतं. तेवढ्या लाल रंगासाठी त्याने वेगळा ठसा कोरला.

चित्र हातोहात खपलं. गावाने ठिगळ ओळखलं. विधवेच्या दारात गोळ्यांची ताटं येऊन पडू लागली. कुणी हळहळलं, कुणी हसलं. बिचारी मेल्याहून मेल्यासारखी झाली आणि भर बर्फात मुलींना घेऊन गाव सोडून गेली. कुठे गेली, कुणालाच कळलं नाही.

वसंतात मुलींचा, बाहुल्या मांडायचा सण आला. चितारी धास्तावतच निघाला, पण एकही दार बंद नव्हतं. "या, या!" जिथे जावं तिथे नवे कपडे, लख्ख पुसलेली जमीन, ओळीने बसवलेल्या मुली आणि नको तितकं हसू. एका घरी धाकटी खोकली, तर आईने तिला हळूच चिमटा काढला.

"घरात नेहमी असंच असतं का हो?" त्याने तिथल्या आजीला विचारलं.

आजी शांतपणे म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून आवरलंय. तुम्ही गेलात की सण करू."

पुढे तीस वर्षं चिताऱ्याने असलीच आवरलेली घरं काढली. त्याची वाहवाही झाली. खरं घर मात्र त्याला पुन्हा कुणी दाखवलं नाही.

तात्पर्य: विश्वासाने दाखवलेलं दुःख जो चव्हाट्यावर मांडतो, त्याला माणसं दार उघडतात, मन उघडत नाहीत.