रजनीताई गेडाम चौक

"पण उद्या चौकाच्या नावाचा फलक उघडायला तुम्ही येणार की नाही, तेवढं सांगा ना भन्तेजी."

प्रशिक मेश्रामनं पुन्हा तेच विचारलं.

भन्ते सोमानंद विहाराच्या पायरीवर बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी टाका घातला, दोरा ओढला.

प्रशिक याच विहाराच्या अभ्यासिकेत शिकून इंजिनिअर झाला. आता आमच्या लेआउटचे, सगळ्या वसाहतीचे रस्ते तोच आखतो. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण साहेब झाल्यापासून त्याला स्वतःचं काही चुकतं असं वाटेनासं झालंय.

समोरचा चौकही त्यानंच केला. आधी कोपरा काटकोनात होता, गाडीला हळू होऊनच वळावं लागायचं. यानं कोपरा छाटून वळण ऐसपैस केलं. त्या दिवशी पेढे वाटले होते. आम्हीही खाल्ले मुकाट्यानं.

त्याच वळणावर रजनीताई गेल्या. अंगणवाडी सेविका होत्या. सायकलवर, रस्त्याच्या डाव्या कडेनं सरळ निघाल्या होत्या. मागून आलेली गाडी त्यांना आडवी येऊन भरधाव डावीकडे वळली. बाई चाकाखाली आली.

आता चौकाला त्यांचं नाव. फ्लेक्स लागले, त्यावर रजनीताईंपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा.

"तेजू आली होती," भन्ते म्हणाले.

तेजू म्हणजे रजनीताईंची मुलगी.

"काय म्हणाली?"

"आईचं नाव नको म्हणाली. कोपरा पहिल्यासारखा करून द्या म्हणाली. तिला रोज तिथूनच सायकलनं कॉलेजला जावं लागतं."

प्रशिकनं सुस्कारा सोडला.

"भन्तेजी, मला कळत नाही का? कोपरा पुन्हा पुढे घेतला की वळण अरुंद होतं. गाड्या अडतात. लोक बोंबलतात. नगरसेवक म्हणतात, तेवढं सोडून बोला."

"आणि नावाचा फलक?"

"तो लगेच मंजूर झाला."

"कुठे लावलास?"

"कोपऱ्यावरच. चांगला उंच ओटा बांधलाय, भोवती लोखंडी पाइप. कुणाची गाडी घासून फलक वाकायला नको."

भन्तेंची सुई थांबली.

"…गाडी घासायला नको."

"हो ना. ताईंचं नाव आहे त्यावर."

भन्ते उठले. चिवर सावरलं, चपला घातल्या. "चल."

दोघं कोपऱ्यावर आले. मीही पायरीवरून उठून मागोमाग गेलो, मला राहवलं नाही. ओट्यावरचा फलक निळ्या कापडानं झाकलेला होता.

"हा चौक तू कधी ओलांडलास?"

"म्हणजे काय, साइटवर कितीदा आलोय."

"पायी?"

प्रशिकनं रस्त्याकडे पाहिलं. पलीकडे त्याची गाडी उभी होती. आताही तो गाडीनं चौकाला वळसा घालून विहाराच्या दारात उतरला होता, आणि ड्रायव्हरनं गाडी तिकडे सावलीत नेऊन लावली होती.

"…तसं काम पडलं नाही."

"आता पाड. गाडीपर्यंत चालत जा."

तो हसला. मोबाइल खिशात टाकून रस्त्यात उतरला. ऐटीत उतरला.

मागून पांढरी गाडी आली. तिनं ना हॉर्न दिला, ना वेग कमी केला. त्यानंच आखलेल्या वळणावरून ती लोण्यातून सुरी जावी तशी वळली.

प्रशिक उडी मारून मागे आला. पाइपवरून ढांग टाकून ओट्यावर चढला आणि फलकाला मिठी मारली. कापड त्याच्या हातात आलं. नाव उघडं पडलं.

गाडी केव्हाच निघून गेली होती.

तो फलक सोडायला तयार नव्हता. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

"पाहिलंत भन्तेजी," त्याला धाप लागली होती, "ब्रेकसुद्धा मारला नाही त्यानं… मी मेलो असतो."

भन्तेंनी फलकावरचं नाव वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"खाली उतर, प्रशिक. ती जागा मेलेल्यांसाठी बांधली आहेस."