मातीच्या वाटणीचं ताक

फार पूर्वी, गावाची ओळख तिथल्या तालमीवरून सांगत तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक वस्ताद राहत होता. त्याच्या आज्याने मैदानं मारली होती, बापाने मारली होती, आणि आता मुलगाही जत्राजत्रांतून कुस्त्या मारत फिरत होता. घरातले सगळे पुरुष इतके उंच, की दारातून आत येताना एकेकाला मान वाकवावी लागे.

वस्तादाला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक आपल्या रक्ताचा आणि दुसरा तालमीतल्या मातीचा. "आमच्या घरात पैलवान घडवावं लागत न्हाईत, ते जन्मालाच येत्यात," असं तो मिशीला पीळ भरत सांगायचा. गंमत अशी, की मातीबद्दल मात्र तो असं कधी म्हणाला नाही. तालमीत कुस्ती खेळायच्या हौदातली लाल माती तो पोटच्या पोरासारखी सांभाळायचा. तिला चाळायचा, तिच्यात हळद, लिंबू, तेल आणि घागरी घागरी ताक मुरवायचा. ते बघून कुणी नवखा हसला, की म्हणायचा, "लेका, उपाशी माती अंग सोलती. तिला आधी पाजावं, मग तिच्याकडनं मागावं."

दावणीला म्हशी होत्या. दूध-तूप मुलाच्या खुराकाला जाई आणि ताक मातीला. वस्तादाची सून हौसा ही डोंगरात मध काढणाऱ्या एका ठेंगण्या, काटक माणसाची मुलगी. पहिल्या खेपेला तिला दिवस गेले, तेव्हाही ती पाणी भरत होती, शेण काढत होती आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खात होती. तिला कुणी मुद्दाम छळत नव्हतं. कुणाच्या ध्यानातच आलं नाही, एवढंच. पोटात वस्तादाचं रक्त वाढतंय म्हटल्यावर त्याला आणखी काय लागणार?

मुलगा झाला. त्याचं नाव म्हादू ठेवलं. पण पोर एवढंसं, की वस्तादाच्या एका पंजात मावेल. हिंडण्याफिरण्याचं वय झालं तरी ते दोन पावलं टाकून मटकन खाली बसायचं. वस्तादाचा अगदी हिरमोड झाला. "हाड आमचं न्हाई. डोंगरातल्या बुटक्यांचं आलंय," म्हणत त्याने नाक मुरडलं आणि नातवाला कधी हौदात उतरवलं नाही.

पुढे हौसाला पुन्हा दिवस गेले. तेव्हा जेवताना सगळ्यांच्या देखत वस्ताद म्हणाला, "या खेपेलाबी काडीपैलवान निघाला, तर सूनबाईनं लेकरं घिऊन माहेरी जावं. मी पोराचं दुसरं लगीन लावीन." एवढा जत्रा गाजवणारा मुलगा, पण बापापुढे त्याची जीभ उचलेना. हौसाचा जीव मात्र टांगणीला लागला. आधीच वाट्याला थोडं येई, तेही आता काळजीने घशाखाली उतरेना.

असेच दिवस गेले आणि गावची जत्रा तोंडावर आली. वस्ताद हौदाची माती उकरत होता. ताकाची घागर घेऊन हौसा तालमीच्या दाराशी आली. बायका आत येत नसत, म्हणून तिने घागर उंबऱ्याबाहेर टेकवली. वस्तादाने सहज झरोक्यातून पाहिलं. सुनेने इकडेतिकडे बघितलं, घागरीत ओंजळ बुडवली आणि घटाघटा ताक प्यायली. मग आणखी एक ओंजळ घेतली.

"सूनबाई! मातीच्या वाटणीचं ताक पितीस?" वस्ताद गरजला.

हौसा दचकली. कलंडणारी घागर तिने दोन्ही हातांनी सावरली, थेंब सांडू दिला नाही.

"चुकलं, मामंजी. सकाळधरनं पोटात भाकरी न्हाई. माझी भूक मी मारली असती. पन आतलं लेकरू ढुशा देतंय, त्येला कसं गप करू?" पदराने तोंड पुसत ती हळूच म्हणाली, "मातीला तरी रोज मिळतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वस्तादाला जास्त लागलं. त्याने हातातली माती बघितली. ती तेलकट होती, मऊ होती. मग त्याने सुनेकडे बघितलं. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उपाशी माती अंग सोलते, हे आपणच जन्मभर सांगत आलो, आणि आपला नातू नऊ महिने उपाशी पोटात वाढला! वस्तादाला मनापासून लाज वाटली.

जत्रेत हौदातली माती ताकावाचून कोरडी राहिली तर पंचक्रोशीत नाचक्की होणार होती. त्याने क्षणभर मातीकडे पाहिलं आणि बाहेर येऊन घागर उचलून हौसाच्या कमरेवर दिली. "घरी ने, पोरी. आधी तू पी. माती थांबंल."

त्या जत्रेत पैलवानांची अंगं खरचटली, लोकांनी नावं ठेवली. वस्तादाने सगळं ऐकून घेतलं. घरी जेवायला बसल्यावर, पुन्हा सगळ्यांच्या देखत, तो म्हणाला, "मागं बोललो ते माघारी घेतो. लेकरू कसंबी होऊ दे, ह्या घरातनं कुणी जानार न्हाई." त्या दिवसापासून हौसाच्या ताटात दूध आलं, पालेभाजी आली, गूळ-शेंगदाणे आले. शेण काढायला दुसरं माणूस ठेवलं. आणि मातीला ताक पाजण्याआधी घागरीतला पहिला तांब्या गावातल्या पोटुशी असलेल्या बाईच्या घरी जायचा, असा तालमीचा रिवाजच पडला.

यथावकाश दुसरा मुलगा झाला. चांगला गुटगुटीत, गल्ली डोक्यावर घेणारा! वस्तादाने त्याला निरखून पाहिलं. कान थेट पणजोबाचे, पण पाय आखूड आणि तळवे रुंद, मध काढणाऱ्या आजोबांसारखे. वस्ताद मनमोकळं हसला. "दोनी घरचं घिऊन आलाय गडी!"

म्हादूलाही आता तो मांडीवर घेऊन तेल चोळायचा, दूध पाजायचा, मऊ मातीत लोळू द्यायचा. म्हादू भरला, पळू लागला, हसू लागला. पण पायांत जोर आला तो बेताचाच. आधीचं राहिलेलं थोडं राहूनच गेलं.

धाकटा मोठा झाला. उंचीने बेताचाच, पण उंच गड्यांच्या बगलेखालून असा शिरायचा आणि रुंद पंज्यांनी अशी पकड घालायचा, की भले भले आडवे व्हायचे. एका जत्रेत त्याने मानाची कुस्ती मारली. लोकांनी फेटे उडवले. "वस्तादाचंच रक्त हाय, दुसरं काय!" असा गलका झाला.

भावाचे कपडे सांभाळत म्हादू शेजारीच उभा होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. वस्तादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"रक्त ह्येचंबी त्येच हाय, बाबांनो," तो म्हणाला. "ताक मातुर मी उशिरा दिलं."

तात्पर्य: बाळ दोन्ही घराण्यांचं थोडंथोडं घेऊन येतं, त्याचं पुढे काय होणार, ते मात्र आईच्या ताटापासूनच ठरायला लागतं.