स्टोव्हचे तिकीट

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याबरोबर समुद्रातल्या एका बेटावर विश्रांतीसाठी गेले, आणि तिथे त्यांनी असे काही केले की वयोमानाने गुरुजींची बुद्धी चळली की काय, अशी शंका शिष्याला आली.

शिष्याचे नाव जनार्दन. पाठशाळा सोडून त्याला बरीच वर्षे लोटली होती. आता त्याचे धान्याचे चांगले चालते दुकान होते. माणूस सज्जन, कष्टाळू. व्यसन म्हणावे तर एकच, हिशेबाचे. हिशेबी माणसांविषयी मला आदर आहे. निम्मे संसार त्यांच्यामुळेच उभे राहतात. पण अशा माणसाबरोबर सुट्टीला जाण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये, असेही माझे स्पष्ट मत आहे.

जनार्दनाचे घर मोठे. आईवडील, धाकटे भाऊ, शिवाय दुपारी दुकानातली माणसेही जेवायला. स्वयंपाक मात्र एकट्या शालनच्या, म्हणजे त्याच्या पत्नीच्या हातचा. एके दिवशी आचार्य त्यांच्याकडे जेवायला आले होते. आमटी वाढता वाढता शालन थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच यांना सांगा. मला दागिना नको, साडी नको. चार दिवस कुठेतरी न्या म्हणावं, जिथे मला कुणी विचारणार नाही की आज भाजी कसली. बसल्या जागी वाढलेलं ताट मिळू दे. बास."

जनार्दन हसला. "एवढंच ना? दिले चार दिवस." मग उत्साहाने म्हणाला, "गुरुजी, तुम्हीही चला. समुद्राच्या हवेने तुमचा खोकला जाईल."

"येतो," आचार्य म्हणाले. "शब्द माझ्यासमोर दिलायस, तेव्हा साक्षीदार सोबत असलेला बरा."

निघण्यापूर्वी जनार्दनाने दोन कापडी पिशव्या शिवून घेतल्या. एक पोटाची, एक प्रवासाची. जेवणाचा खर्च पहिलीतून, होडी-रिक्षाचा दुसरीतून. एकीतले पैसे दुसरीत जायचे नाहीत, असा त्याचा नियम. नियम उत्तम होता. त्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि त्यामुळेच पुढचे सारे घडले.

बेट सुंदर होते. नारळी-पोफळीच्या बागा, लाल मातीची वाट, आणि कुठेही उभे राहिले तरी कानावर येणारी लाटांची गाज. धक्क्याला लागूनच तानीकाकी नावाच्या बाईंची खाणावळ होती. होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या दारातूनच विचारत, "किती पानां मांडू?" त्यांची रीत अशी, की सकाळी पाने सांगायची, जितकी सांगितली तितकाच भात चुलीवर चढायचा. "मागसून येऊन बसशात तर भात मिळाचो नाय," असे त्या आधीच बजावून ठेवत.

"उद्या सांगतो," जनार्दन म्हणाला.

खोली पाहून मगच ठरवावे असा त्याचा बेत होता, कारण ती त्याने टेकडीवर घेतली होती. धक्क्याजवळच्या खोल्यांपेक्षा ती पुष्कळ स्वस्त. तिथवर रिक्षाने जाताना तो मनातल्या मनात आपली पाठ थोपटत होता. उतरताना रिक्षावाल्याने भाडे सांगितले आणि जनार्दनाचा चेहरा पडला. खोलीत पाऊल टाकण्याआधीच त्याचे गणित सुरू झाले. तीन माणसांनी दोन वेळा जेवायला खाली जायचे, दोन वेळा वर यायचे... "अहो, जेवणापेक्षा जेवणापर्यंत जाणंच महाग पडतंय! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!"

आचार्यांच्या उभ्या आयुष्यात कोंबडीचा संबंध आला नव्हता, पण मुद्दा त्यांना कळला. "मग आता?" त्यांनी विचारले.

जनार्दनाने विजयी मुद्रेने आपली वळकटी सोडली. दोन धोतरांच्या घडीत नीट गुंडाळलेला पितळी स्टोव्ह निघाला. सोबत रॉकेलची बाटली, पिन, दोन पातेली.

"असू दे म्हटलं, अडीनडीला," तो म्हणाला.

शालन स्टोव्हकडे बघत राहिली. तिचा स्वतःचाच स्टोव्ह तो. स्वयंपाकघरातून कधी नाहीसा झाला ते तिला कळलेच नव्हते. ती भांडली नाही, रडली नाही. तिने एवढेच विचारले, "पाणी कुठून आणायचं?"

मला विचाराल तर सारी कथा इथेच संपायला हवी होती. तो प्रश्न ऐकून जनार्दनाला काही कळायला हवे होते. पण तो विहीर शोधायला गेला.

त्या संध्याकाळी पोटाची पिशवी हातात तोलून तो खुशीत म्हणाला, "बघा गुरुजी, तांदूळ आणले, डाळ आणली, नारळ आणला, तरी हिला हात लावल्यासारखा वाटत नाही." आणि वाचलेल्या पैशांचे समाधान त्याला जरा वेळही शांत बसू देईना. जेवणात इतके वाचले म्हटल्यावर फिरण्यात काटकसर कशाला? दुसऱ्या दिवशी त्याने रिक्षा ठरवली. एकदा भाडे दिले की सगळे पाहून घेतलेच पाहिजे. दीपगृह, देऊळ, खडकातली गुहा, पांढऱ्या वाळूचा किनारा. आचार्य एखाद्या ठिकाणी टेकतात न टेकतात तोच हा रिक्षेत बसून हाका मारी, "गुरुजी, चला, थांबल्याचे वेगळे पैसे पडतात!" किनाऱ्यावर असताना त्याचा जीव भाड्यात, भाडे देताना जीव जेवणात, आणि जेवताना तो उद्याची ठिकाणे मोजत असे. लाट पायापर्यंत यायची आणि त्याला न भेटताच परत जायची.

शालन या फेरीत नव्हती. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली होती. "डाळ अजून शिजायचीय."

संध्याकाळी जनार्दन पुन्हा कुठले तरी भाडे विचारायला खाली गेला. आचार्य ओसरीवर बसले. आत स्टोव्ह फरफरत होता. त्या आवाजापुढे लाटांची गाज ऐकू येत नव्हती. बाहेर नारळाची झावळी वाजली की शालन दारापर्यंत येई, बाहेर बघे, आणि भात करपेल म्हणून पुन्हा आत जाई. तिचे कशातच लक्ष नव्हते. अखेर पदराला हात पुसत ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, समुद्र कसा आहे हो?"

आचार्यांनी तिच्याकडे पाहिले. बेटावर चहूकडून समुद्र होता. विहिरीच्या वाटेवर झाडांच्या फटीतून त्याचा निळा तुकडा दिसे, तेवढाच तिच्या वाट्याला आला होता.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

सकाळी जनार्दन विहिरीवरून अंघोळ करून आला, तर शालन धुतलेले तांदूळ हातात घेऊन गोंधळून उभी. स्टोव्हची जागा रिकामी.

"अहो, गुरुजी स्टोव्ह घेऊन गेले. उपरण्यात बांधला आणि धक्क्याच्या बाजूला उतरले. कुठे म्हणून विचारलं, तर 'आलोच' म्हणाले."

जनार्दन ओल्या अंगानेच धावत सुटला. रिक्षेची वाट बघायला वेळ नव्हता. बागांमधून उतरणारी पायवाट त्याने प्रथमच धरली आणि धापा टाकत धक्क्यावर पोचला. पाहतो तर पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी होडी सुटण्याच्या बेतात. तिच्या फळीवर, उतारूंच्या रांगेत, त्यांचा स्टोव्ह एखाद्या पाहुण्यासारखा बसलेला. होडीचा तांडेल हातात पैसे घेऊन डोके खाजवत होता.

"गुरुजी, ह्याला तिकीट कशाला?" तो म्हणत होता. "मांडीवर घेऊन नेईन की."

"नको. माणसाचं पुरं तिकीट घे," आचार्य म्हणाले. "पलीकडे धक्क्यावर ठेव. दोन दिवसांनी आम्ही येताना घेऊ."

"गुरुजी!" जनार्दन ओरडला. "अहो, हे काय? स्टोव्हला तिकीट? आणि... आणि ही पोटाची पिशवी तुमच्या हातात कशी? होडीचा खर्च प्रवासाच्या पिशवीतला!"

"नाही रे," आचार्य शांतपणे म्हणाले. "हा जेवणाचाच खर्च आहे."

होडी सुटली. जनार्दन धक्क्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. उडी मारावी की काय, असाही विचार त्याच्या मनात आला असणार, कारण त्याने धोतर खोचले होते. स्टोव्ह उन्हात चमकत लांब गेला. मग नाइलाजाने तो आचार्यांशेजारी पायरीवर बसला. बसलेल्या अवस्थेतही त्याचा गुडघा हलत होता.

आचार्यांनी त्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रागावलास ना? रागाव. पण ऐक. तू दोन पिशव्या केल्यास आणि पोटाची जड राहिली म्हणून खूश झालास. ती जड कशाने राहिली? तांदळाचे पैसे तू मोजलेस, डाळीचे मोजलेस. रॉकेल घरचं, तरी तेही मोजलंस. शालनचे दोन दिवस मात्र कुठल्याच पिशवीतून गेले नाहीत, म्हणून ते तुला फुकट वाटले. जनार्दना, जेवण फार स्वस्त पडलं असं वाटलं ना, की जरा शोधावं. कुणाची तरी मजुरी धरायची राहिलेली असते. आणि त्या वाचलेल्या पैशांनी तू आम्हाला समुद्र दाखवत हिंडलास. तिच्या सुट्टीवर आपण दोघं फिरलो."

जनार्दनाने खोचलेले धोतर सोडले.

"काल ती मला विचारत होती, समुद्र कसा आहे म्हणून," आचार्य म्हणाले. "बेटावर येऊन, जनार्दना. बेटावर येऊन."

जनार्दनाचा गुडघा थांबला.

मागे खाणावळीच्या दारात तानीकाकी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय ओ, आज तरी सांगतास? किती पानां मांडू?"

"तीन," जनार्दन उठून म्हणाला. मग जरा थांबून, "दोन्ही वेळची. आजची आणि उद्याचीही."

शालनला आणायला तो त्याच पायवाटेने वर गेला. रिक्षेला लागायचा त्याहून फारसा अधिक वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी त्याने कुणाला वाट विचारली असती, तर प्रवासाची पिशवीही अशी हलकी झाली नसती. पण रिक्षेचे भाडे विचारण्याच्या घाईत वाट विचारायची राहून गेली होती.

उतरताना एका वळणावर झाडे संपली आणि सारा समुद्र एकदम समोर आला. शालन थांबली. जनार्दनाने सवयीने वर सूर्याकडे पाहिले, खाली धक्क्याकडे पाहिले, "चला" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. तो त्याने गिळला. उभे राहणे त्याला फार जड गेले, हे मला मान्य केले पाहिजे. पण तिने स्वतः पाऊल उचलेपर्यंत तो उभा राहिला.

खाणावळीत तीन पाने मांडली होती. भाताचे पातेले बाहेर येताच शालन चटकन उठली आणि वाढण्यासाठी तिने हात पुढे केला.

"बस गो बाय," तानीकाकींनी तिला खांद्याला धरून खाली बसवले. "हयसर मी वाढतंय. तू जेव."

शालन बसली. तिच्या हातांना काय करावे सुचेना. तिने ते मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. पानात वाफाळता भात पडला, वर डाळीचे वरण, बाजूला नीरफणसाची कापे, वाटीत सोलकढी. पहिला घास घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तिखट आहे का?" जनार्दनाने घाबरून विचारले. "गरम आहे," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा भात मागितला. तो संपवून आणखी मागितला, निःसंकोच, तानीकाकींकडे पान सरकवून.

जनार्दनाचा घास हातातच राहिला. गावातल्या कुठल्या घरात महिन्याला किती तांदूळ लागतात, हे तो झोपेतून उठवले तरी सांगत असे. घरी मात्र शालन सर्वांच्या मागून जेवायची. पातेल्यात जे उरेल ते घ्यायची आणि पुरले म्हणायची. आपल्या बायकोला भूक किती आहे, हे त्याला लग्नानंतर त्या दिवशी प्रथम कळले.

"काकी," तो खाली मान घालून म्हणाला, "उद्या तांदूळ थोडे जास्त घाला."

आचार्यांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि ते समुद्राकडे बघत बसले.

सहलीचा हिशेब जरूर करावा. पण तो मांडताना, पंगतीला जी सर्वांच्या शेवटी बसते तिच्या पानापासून सुरुवात करावी.