ठकूमायची खिंड

गिरणेला धरण नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळदऱ्याच्या टेकाडावर देशमुखांची गढी होती. भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि इतक्या रुंद की वरून बैलगाडी जायची, असं म्हणतात. गढीच्या आत, नदीच्या अंगाला, मोठी बाग होती. ती बाग ठकू माळणीने लावलेली. अख्खं गाव तिला ठकूमाय म्हणे.

एका श्रावणात देशमुख लग्नाला परगावी गेले आणि इकडे गिरणा फुगली. भर दुपारी पाणी गावात शिरलं. लोक पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन टेकाड चढले, तर गढीचं दार बंद.

आतून गुणाजी कारभारी ओरडला, "मालकांचा हुकूम आहे. ते आल्याशिवाय दार उघडायचं नाही!"

ठकूमाय बागेत होती. भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं, तशी तिने कुदळ उचलली.

"अगं, भिंत फोडतेस? मालक तुला गावाबाहेर काढतील!" गुणाजी धावत आला.

"काढू देत. गावच वाहून गेलं तर मला काढणार कुठून?"

तिने घाव घातला. तोफेला न हललेली भिंत म्हातारीच्या घावासरशी म्हशीसारखी खाली बसली, असं म्हणतात. त्या खिंडीतून सगळं गाव आत आलं.

पाणी मागोमाग चढतच होतं. ठकूमाय लिंबांच्या ओळीपाशी जाऊन उभी राहिली आणि नदीला म्हणाली, "गिरणामाय, ही बाग तुझ्याच पाण्यावर वाढली. आज तिच्यात लेकरं आहेत. आता पुढे येऊ नको." गिरणा तिच्या पायाला लागली आणि तिथूनच मागे फिरली, असं म्हणतात.

पूर ओसरल्यावर देशमुख परतले. गुलाब गुरांनी खाल्लेले, सदरेवर चुली मांडलेल्या, आणि देवघराशेजारी एक बाळंतीण निजलेली.

"भिंत कोणी फोडली?"

"मी, सरकार. दार बंद होतं."

देशमुखांनी बाळंतिणीच्या कुशीतल्या बाळाकडे पाहिलं. ठकूमायला त्यांनी काही केलं नाही, पण खिंड बुजवायला सांगितली. गवंड्यांनी दिवसा बुजवावी आणि सकाळी नवी भिंत पडलेली असावी. पुन्हा बुजवली, पुन्हा पडली. शेवटी देशमुख स्वतः बागेत आले.

"ठकूमाय, ही भिंत का टिकत नाही?"

"मला काय ठाऊक? मी बाग राखते. पण सरकार, माझे हात थकलेत. पुढच्या पुराला कुदळ उचलवणार नाही."

दुसऱ्याच दिवशी देशमुखांनी खिंडीच्या दोन्ही बाजूंना घडीव दगड बसवून घेतले. दार मात्र लावलं नाही.

पुढे एका सकाळी ठकूमाय लिंबांना पाणी घालायला गेली ती कोणाला पुन्हा दिसली नाही. गिरणाच तिला न्यायला आली होती, असं म्हणतात.

गढीत आता देशमुख राहत नाहीत. पण श्रावणात त्यांच्या घरचं माणूस, असेल तिथून, येतं. बागेत गावजेवण होतं आणि त्या माणसाने सगळ्यांना वाढून मगच जेवायचं असतं. नवी नवरी आधी खिंडीतून आत जाते, मग सासरी. आणि गिरणेला पूर आला की पिंपळदऱ्यात कोणीच दाराला कडी लावत नाही. भिजलेला माणूस आत आला, तर त्याला नाव विचारायच्या आधी भाकरी देतात.