हिरोजीची नवी पिसं

बकुळाच्या झग्याला सात ठिगळं होती आणि प्रत्येक ठिगळाचा रंग वेगळा होता. तिची आई गोदा दिवसभर फुलांच्या वेण्या गुंफायची. त्यातून भाकरी मिळायची. भाजी कधी मिळायची, कधी नाही. तरीही एक दिवस बकुळाने घरी पोपट आणला.

तो होता माडीवरच्या बाईंचा. बाई त्याला भजी, शेव आणि चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायच्या, पिंजरा फोडणीच्या धुरात टांगायच्या. त्याची पिसं विटली, छाती उघडी पडली. मग बाई म्हणाल्या, "असलं ध्यान मला नको. टाका कुठेतरी!"

"मी नेऊ?" वेणी द्यायला आलेल्या बकुळाने विचारलं. घरी येता येता तिने त्याचं नाव ठेवलं, हिरोजी.

दर रविवारी आई बकुळाच्या केसांना खोबरेल चोळायची. केस कसे चमचम चमकायचे! बकुळाला वाटलं, हिरोजीलाही लावू. बाटलीच्या तळाशी उरलेलं सगळं तेल तिने त्याच्या पिसापिसाला चोळलं. पण झालं भलतंच. पिसं एकमेकांना चिकटली, आतली ऊब निघून गेली, आणि सकाळच्या गारव्यात हिरोजी लटलट कापू लागला. दाण्याला चोचही लावेना.

"हा मरेल गं आई! माझ्यामुळे मरेल!" बकुळा त्याला आईच्या जुन्या पदराच्या चिंधीत गुंडाळून घरामागच्या बागेत धावली. पेरूच्या झाडाखाली कोवळं ऊन सांडलं होतं. तिथे बसून ती हुंदके देऊ लागली.

तेवढ्यात पेरूच्या पांढऱ्याशुभ्र फुलातून इवलीशी परी उतरली. बोटाएवढी! पंख आकाशी, झगा केशरी, त्यावर दवाच्या टिकल्या लुकलुकत होत्या.

"बकुळे, एक इच्छा माग. पण नियम ऐक हं. स्वतःसाठी मागितलंस तर टाळी वाजायच्या आत मिळेल. दुसऱ्यासाठी मागितलंस तर तुझे हात लागतील आणि वेळही लागेल. मधेच कंटाळलीस तर इच्छा सुकून जाईल."

बकुळाने आपल्या ठिगळांकडे पाहिलं. टाळी वाजायच्या आत रेशमी झगा! मग तिने चिंधीतल्या त्या थरथरत्या गोळ्याकडे पाहिलं.

"माझ्या हिरोजीला पिसं दे. पण परीताई, मला काहीच येत नाही. मी तेल लावलं ना त्याला..."

"रडू नको. तेल तुझ्या केसांना. पोपटाची तेलाची कुपी त्याच्या शेपटीच्या मुळाशीच असते, चोचीने तो आपला आपण लावतो. आज कोमट पाण्यात रिठ्याचा पातळसा फेस कर. त्याचे डोळे सांभाळून तेल काढ, साध्या पाण्याने धू आणि उन्हात उबेला बसव. पुढचं रोज करायचं."

आणि बकुळा रोज करू लागली. पिंजरा चुलीपासून दूर, खिडकीत आला. लोखंडी दांडीच्या जागी पेरूची खडबडीत फांदी आली. पसरट ताटलीत पाणी ठेवलं की हिरोजी त्यात फडफड करायचा आणि बकुळाच्या नाकावर थेंब उडवायचा. भिजवलेले मूग, पालकाचं पान, पडलेल्या पेरूची फोड, कधी हिरवी मिरची. रोज पिंजरा घासायचा, पाणी बदलायचं. कंटाळा यायचा, खूप यायचा. तरी ती उठायची.

पण विसाव्या दिवशी तळाशी पिसांचा ढीग पडला! होती नव्हती तीही गळली.

शेजारची सुंदी खिदळत आली. "अगं बाई, टकलोजी! सोलून ठेवलास का?"

"जा गं तू!" बकुळाचे डोळे भरले.

आई हातातली वेणी ठेवून म्हणाली, "आज रविवार आहे. थेंबभर तेल लावून बघू या का त्याला?"

"नको, आई! तेल नको!" बकुळाने पिंजऱ्यापुढे हात पसरले. "परीने सांगितलंय, कंटाळायचं नाही." तिने डोळे पुसले आणि ताटलीत ताजं पाणी ओतलं. हिरोजी जवळ आला, तेव्हा तिला दिसलं. उघड्या कातडीवर सुईच्या टोकाएवढे, पांढरट कोंब उगवले होते. शेकडो कोंब!

"आई, जुनी पिसं उगाच नाही गेली! नव्यांना जागा करून दिलीय त्यांनी!"

कोंब उलगडले. आधी पोपटी, मग पाचूसारखी गर्द पिसं, शेपटीत निळी झाक, गळ्याला गुलाबी रेघ. एका सकाळी बकुळाने पिंजऱ्याचं दार सताड उघडलं. हिरोजीने मान तिरकी केली, पंख पसरले आणि सुर्र! सगळी बाग ओलांडून तो पेरूच्या शेंड्यावर बसला. बकुळा नाचायलाच लागली.

फुलातून परी हसली. "शाब्बास! आता स्वतःसाठी एक इच्छा माग. ही बक्षिसाची."

बकुळाने झग्याचा विचार केला. मग हळूच म्हणाली, "त्याला गार वाटत होतं, ते मला कळलंच नाही गं. मला पाखरांचं बोलणं कळू दे."

टाळी वाजली. परीभोवती केशरी, आकाशी, सोनेरी उजेड फुलला, फुलतच गेला, आणि त्या लखलखाटात परी विरून गेली.

बाग एकदम बोलू लागली! चिमण्या भांडत होत्या, कोकीळ सूर जुळवत होता, हिरोजी शेंड्यावरून ओरडत होता, "अगं, इथला पेरू बघ, मधासारखा!" बकुळा हसतच सुटली.

मग तिला दूरचा एक बारीक आवाज ऐकू आला. चौकातल्या चहाच्या टपरीवरून, धुराने काळ्या पडलेल्या पिंजऱ्यातून. "माझी पिसं गळतायत. कुणी आहे का?"

"आले रे, आले!" बकुळाने पसरट ताटली उचलली आणि ठिगळांचा झगा सावरत ती चौकाकडे पळत सुटली.