पळसाच्या पानांचा भाऊ

“म्हणजे मिसिंग आणि लॉस्ट एकच ना, मास्तर?”

मथुरागिरी मायनं विचारलं. समोर वामन डाखोरे सर बसले होते. इंग्रजीचे मास्तर. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलेलं. तालुक्यात कुणाचं इंग्रजी अडलं की लोक म्हणायचे, डाखोरे सरांना विचारा.

मायचा मठ म्हणजे पैनगंगेच्या काठावर दोन खोल्या, एक ओटा आणि धुनी. सरांनी आधी रुमाल अंथरला होता, मग बसले होते. पँट पांढरी होती.

“एकच कसं, माय? फार फरक आहे.”

“सांग मंग.”

“मिसिंग म्हणजे जागेवर असायला पाहिजे, पण नाही. लॉस्ट म्हणजे गेलं. हातचं गेलं. पोलिसांनी गुणाच्या कागदावर मिसिंग लिहिलं, तेव्हा ते बरोबर होतं. आता बारा वर्षं झाली. आता लॉस्ट.”

गुणा म्हणजे गुणवंत, सरांचा धाकटा भाऊ. रेतीच्या नावेवर कामाला होता. एका दुपारी त्याच्या चपला काठावर सापडल्या. तो नाही सापडला. ना पाण्यात, ना पाण्याबाहेर.

त्यांची आई पार्बताबाई अंगणात कडुनिंबाखाली बसली होती. बोचकं मांडीवर. तिचं एकच म्हणणं. पोराला पोहता येत होतं, रागानं कुठं गेला असेल, येईल. बारा वर्षं ती दाराला कडी लावत नव्हती. चुलीपाशी एक ताट झाकून ठेवत होती.

सर निवृत्त झाले होते. पोराकडं पुण्याला निघाले होते. आई म्हणाली, मी नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

गेल्या महिन्यात गावातल्या घरी ती एकटीच असताना न्हाणीत पडली. रात्रभर पडून होती. सकाळी दूधवाल्यानं उचललं. दाराला कडी नव्हती म्हणून त्याला आत तरी जाता आलं. पण दर वेळी दूधवाला यायचा नाही. आता तिला एकटी ठेवायची म्हणजे मरायला ठेवायची. सर चुकीचं काही बोलत नव्हते.

आपल्याकडं रीत आहे. बारा वर्षं माणूस आला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. पुतळ्याला त्याचं नाव देतात आणि जाळतात. मग घर रडतं. मग दार लावता येतं.

आई म्हणाली, माय सांगेल तर जाळा.

म्हणून सर मायकडं आले होते. पिशवीत नवं कुलूप होतं. वाटेतच घेतलेलं.

“माझी सुई पडली,” माय म्हणाली. “सापडून नाई राहिली. ती काय झाली?”

“मिसिंग.”

“लॉस्ट कवा होईन?”

सर हसले. वर्गात एखादं पोरगं नेमकं विचारतं तेव्हा हसायचे, तसे.

“तुम्ही शोधायचं सोडाल तेव्हा.”

“तवा सुईले काय होते?”

“सुईला काय व्हायचंय? ती आहे तिथंच आहे.”

“मंग फरक सुईत नाई. शोधणाऱ्यात हाय.”

“करेक्ट! अगदी करेक्ट, माय.”

मायनं धुनीतलं लाकूड आत सारलं.

“तुझी माय शोधते. तू शोधत नाईस. भाऊ तं एकच हाय... त्याचं काय झालं म्हणावं?”

सरांनी पँटीवरची राख झटकली. मग म्हणाले, “आई अडाणी आहे, माय. तिला शब्द कळत नाहीत.”

“खरं हाय. तिले निस्तं पोरगं कळते.”

माय उठली. “रुखमे, पानं आन.”

सरांना वाटलं, पटलं. शिकलेल्या माणसाचं हेच. समोरचा उठला की त्याला आपलं पटलं असंच वाटतं.

मठात राबणाऱ्या रुखमानं पळसाची पानं आणि काड्यांचा भारा ओट्यावर आणून टाकला.

“लांबी सांग,” माय म्हणाली.

“कशाची?”

“भावाची. पुतळा माणसाएवढा करा लागते.”

“असेल... माझ्यापेक्षा थोडा... आईला विचारा ना.”

“तिले कशाले? तिनं त्याले मेला म्हटलं काय? तू म्हटलं. आडवा हो.”

“मी?”

“एका पोटचा हायेस. तुझ्यावरून माप काढू.”

सरांनी चपला काढल्या. रुमाल पाठीखाली सरकवला. रुमाल पाठीलाही पुरला नाही. तरी आडवे झाले.

“डोये मीट. मेलेलं माणूस पाह्यत नसते.”

त्यांनी डोळे मिटले. रुखमा त्यांच्या बाजूला पानं रचू लागली. डोक्यापासून सुरू केलं. खांदा, कंबर, गुडघे. कोरडी पानं कुरकुरत होती. एका पानाची कड सरांच्या पायाला लागली.

“एवढा?” मायनं विचारलं.

“नाही...” डोळे मिटलेलेच. “फार लांब झाला. कमी करा.”

“कुठवर?”

सरांनी उजवा पाय उचलला आणि डाव्या पोटरीवर घासला.

“इथवर. त्याचे पाय इथं लागायचे.”

“कवा?”

“झोपेत. आम्हा दोघांना एकच गोधडी होती. पाय बर्फासारखे त्याचे. मी लाथ मारायचो. म्हणायचो, सरक मेल्या. सरकायचा... झोप लागली की परत आणून लावायचा.”

रुखमाचे हात थांबले.

“हे तं लहानपणचं झालं,” माय म्हणाली. “मोठा केवढा झाला?”

“मोठा...”

सरांनी उचललेला पाय परत सरळ केला.

“मोठा झाल्यावर मी त्याच्याकडं बघितलंच नाही, माय.”

“बरं,” माय म्हणाली. “रुखमे, पोटरीवरच तोड.”

रुखमानं खालची पानं काढून घेतली.

पार्बताबाई कधी उठून आली ते कुणी पाहिलं नाही. ती ओट्याशी उभी होती. पानांचा पुतळा बघत होती. एवढासा. पोरगं निजावं तसा.

ती खाली बसली. बोचक्याची गाठ सोडली. चपला काढल्या, काठावर सापडल्या होत्या त्या. पुतळ्याच्या पायाशी ठेवल्या. पानांना त्या फार मोठ्या दिसत होत्या.

“जाळ,” ती म्हणाली.

सर उठून बसले. “आई?”

“जाळ, वामन्या. मी मेली तं त्याले वळखन कोन, याचंच भेव होतं मले... तुले त्याचे पाय याद हायेत. जाळ आता.”

थोरल्या भावानंच काडी लावायची असते. रुखमानं काड्यापेटी सरांच्या हातात दिली. सरांनी काडी ओढली. पेटली. ते ज्योतीकडं बघत राहिले. बोटाला चटका बसला तेव्हा काडी खाली पडली, पानांपासून लांब.

दुसरी त्यांनी काढली नाही.

“आई, तो आला तर?”

पार्बताबाईनं बोचकं बांधलं. आता ते हलकं झालं होतं. काखेत मारलं.

“गाडी कुठी लावली तुनं?” एवढंच म्हणाली आणि वाटेला लागली. मागं पाहिलं नाही. चपला तिथंच राहिल्या.

सर बसूनच होते. पाठीला माती, शर्टाला पानांचा चुरा. पँटीची तर गोष्टच सोडा.

नदीकडून वारा आला. पानं हलली. सरांनी पुतळ्याच्या पायांवर हात ठेवला. उडू नयेत म्हणून.

“आता सांग, मास्तर,” माय म्हणाली. “मिसिंग का लॉस्ट?”

पुस्तक लिहिलेला माणूस पानं धरून बसून राहिला.

मायनं त्यांची पिशवी ओढली. कुलूप काढलं. किल्ली वेगळी केली आणि सरांच्या मोकळ्या हातात दाबली.

“कुलूप राहू दे अठी, दाराले नको लावू. किल्ली घेऊन जा.”